टायफॉइडची लस आणि न घ्यावी लागलेली प्रतिजैविके

पावसाळा सुरू झाला की सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात तापाच्या रुग्णांची रांग वाढते. त्या रांगेत एक चित्र दरवर्षी हमखास दिसते. आठ-दहा वर्षांचे मूल, सहा-सात दिवसांचा ताप, पांढरी पडलेली जीभ, फुगलेले पोट आणि खाण्यावरची उडालेली वासना. आईच्या पिशवीत गोळ्यांच्या दोन-तीन अर्धवट वापरलेल्या पट्ट्या असतात. एक गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी औषधाच्या दुकानातून थेट आणलेली. सोबत विडाल चाचणीचा कागद असतो, पण त्या चाचणीवर फारसे विसंबता येत नाही. टायफॉइडचे खात्रीचे निदान ब्लड कल्चरने, म्हणजे रक्तातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून होते. आधीच पोटात गेलेल्या प्रतिजैविकांमुळे तेही अनेकदा कोरे येते. मग अंदाजाने औषध निवडण्याखेरीज डॉक्टरांपुढे मार्ग उरत नाही आणि ते औषध आधीच्यापेक्षा एक पायरी वरचे असते.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंची चर्चा बहुतेक वेळा याच ठिकाणी सुरू होते आणि इथेच संपते. डॉक्टरांनी विनाकारण प्रतिजैविके लिहू नयेत, दुकानदाराने चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत, रुग्णाने ती मध्येच सोडू नयेत, असे सांगितले जाते. तिन्ही गोष्टी रास्त आहेत. मात्र या मुलाला हा ताप येऊच नये म्हणून काही करता आले असते का, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच निघतो. टायफॉइडपुरते बोलायचे तर उत्तर ‘हो’ असे आहे. त्यासाठीची लस भारतातच तयार होते, तिचा एक डोस पुरतो आणि ती मोठ्या प्रमाणावर देता येते हे महाराष्ट्रातल्याच एका शहराने दाखवून दिले आहे.

एकेक औषध गळत गेले

प्रतिजैविके येण्यापूर्वी टायफॉइड म्हणजे तीन-चार आठवड्यांचा ताप, आतड्याला छिद्र पडण्याची भीती आणि दर पाच-दहा रुग्णांमागे एखादा मृत्यू, असे समीकरण होते. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाने टायफॉइड बरा होतो असे दिसून आले आणि हे चित्र पालटले. पुढची चोवीस वर्षे या एका औषधावर डॉक्टर निश्चिंत होते. १९७२ मध्ये मेक्सिकोत या औषधाला दाद न देणाऱ्या टायफॉइडची मोठी साथ आली. त्याच सुमारास केरळमध्येही तसाच उद्रेक झाला.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस भारतीय उपखंडात क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि को-ट्रायमोक्सॅझोल या तिन्ही जुन्या औषधांना न जुमानणारा टायफॉइड पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सासिनची पाळी आली. ते इतके सर्रास वापरले गेले की काही वर्षांतच त्याचीही धार गेली. आज भारतातील टायफॉइडचे बहुतेक जिवाणू त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. त्यानंतर डॉक्टरांची मदार आली ती सेफ्ट्रियाक्झोनचे इंजेक्शन, सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन यांच्यावर.

या उरलेल्या औषधांनाही धक्का बसला तो पाकिस्तानच्या सिंध प्रांतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या हैदराबाद शहरात सेफ्ट्रियाक्झोनलाही न जुमानणारा टायफॉइड आढळू लागला. जिवाणूंच्या जनुकांचा अभ्यास केल्यावर असे दिसले, की या जिवाणूंनी प्रतिरोधाची जनुके असलेले प्लास्मिड, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी डीएनएची छोटी कडी, मिळवली होती. ती बहुधा आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंकडून आली असावी. जुनी तीन औषधे, सिप्रोफ्लॉक्सासिनचा गट आणि सेफ्ट्रियाक्झोनचा गट, अशी पाच हत्यारे एकाच वेळी निकामी झाली. हाती राहिली ती तोंडाने घ्यायची एकच गोळी, अझिथ्रोमायसिन. आणि ती लागू पडली नाही तर रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून द्यायची मेरोपेनेमसारखी महागडी इंजेक्शने. डिसेंबर २०१८ पर्यंत सिंधमध्ये अशा टायफॉइडच्या ५,२७४ रुग्णांची नोंद झाली होती.

हे संकट सीमेपलीकडचे आहे असे मानून स्वस्थ बसता येणार नाही. सेफ्ट्रियाक्झोनला दाद न देणारे टायफॉइडचे जिवाणू मुंबईतील आणि गुजरातमधील रुग्णांतही सापडले आहेत. अझिथ्रोमायसिनला निष्प्रभ करणारा जनुकीय बदल बांगलादेशात नोंदवला गेला आहे. हे दोन्ही गुण एकाच जिवाणूत एकत्र आले, तर दवाखान्यातून गोळी देऊन टायफॉइडच्या रुग्णाला घरी पाठवण्याची सोयच संपेल. गावाकडच्या किंवा झोपडपट्टीतल्या कुटुंबासाठी याचा अर्थ दहा-बारा दिवसांचा रुग्णालयातला मुक्काम, बुडालेली मजुरी आणि कर्ज असा होतो.

दोन हैदराबादची गोष्ट

सिंधमधील उद्रेकाला उत्तर म्हणून तिथल्या डॉक्टरांनी आणि आरोग्य यंत्रणेने नव्या औषधाची वाट पाहिली नाही. २०१८ मध्ये हैदराबाद शहराच्या सर्वाधिक ग्रासलेल्या भागांत सहा महिने ते दहा वर्षे वयाच्या सुमारे दोन लाख मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस देण्यात आली. ती लस आली होती भारतातून, तेलंगणातल्या हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीकडून. भारतात २०१३ मध्ये परवाना मिळालेल्या या लशीला डिसेंबर २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली होती. ही पूर्वमान्यता मिळालेली त्या प्रकारातली ती जगातली पहिलीच लस होती.

नंतरच्या पाहणीत, ब्लड कल्चरने सिद्ध झालेल्या टायफॉइडविरुद्ध ती ९५ टक्के परिणामकारक आढळली. बहुतेक औषधांना पुरून उरणाऱ्या त्या नव्या प्रकाराविरुद्ध हे प्रमाण ९७ टक्के होते. म्हणजे औषधांच्या दृष्टीने जो जिवाणू सर्वांत अवघड होता, तो लशीच्या दृष्टीने मुळीच अवघड नव्हता. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिंधच्या शहरी भागात सुमारे एक कोटी मुलांसाठी मोहीम राबवण्यात आली आणि ही लस नियमित लसीकरणात आणणारा पाकिस्तान हा जगातला पहिला देश ठरला.

असे का घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रतिजैविक जिवाणूच्या एखाद्या ठरावीक यंत्रणेवर घाव घालते: त्याच्या भिंतीवर, प्रथिने बनवण्याच्या प्रक्रियेवर किंवा डीएनएवर. जिवाणूने तो भाग जरा बदलला, औषधाचे तुकडे करणारा विकर बनवला किंवा औषध बाहेर फेकणारा पंप मिळवला, की औषध निरुपयोगी होते. लस या भानगडीत पडत नाही. टायफॉइडच्या जिवाणूभोवती साखरेच्या रेणूंचे एक आवरण असते, त्याला ‘व्हीआय’ म्हणतात. संयुग्म लशीत हे आवरण धनुर्वाताच्या लशीतल्या प्रथिनाला जोडलेले असते. नुसत्या साखरेच्या आवरणाला दोन वर्षांखालील बाळांचे शरीर नीट प्रतिसाद देत नाही. प्रथिनाची जोड मिळाली की ते त्याला ओळखते आणि बराच काळ लक्षात ठेवते. जुनी टायफॉइडची लस दोन वर्षांखालील मुलांना उपयोगाची नव्हती आणि मोठ्यांमध्येही तिचा प्रभाव दोन-तीन वर्षांतच ओसरत असे. नवी लस सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. सेफ्ट्रियाक्झोन पचवणारा जिवाणू असो वा साध्या गोळीने मरणारा, दोघांचे आवरण तेच असते.

दुसरे कारण वेळेचे आहे. औषध दिले जाते तेव्हा शरीरात जिवाणूंची संख्या अफाट झालेली असते. एवढ्या गर्दीत एखादा तरी बदललेला जिवाणू असण्याची शक्यता मोठी असते आणि औषध नेमके त्यालाच मागे ठेवते. लशीने तयार झालेली प्रतिपिंडे जिवाणू शिरताच, तो मूठभर असतानाच त्याला गाठतात. म्हणूनच घटसर्प आणि धनुर्वाताच्या लशी कित्येक दशके वापरूनही कुचकामी ठरल्या नाहीत. याच काळात प्रतिजैविकांच्या पिढ्यांमागून पिढ्या थकल्या.

पेनिसिलिनने लशीला मागे टाकले

जिवाणूंविरुद्ध लस हा विचार नवा नाही. प्रतिजैविकांच्या आधी तोच मुख्य आधार होता. वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचेच नाव लावते. टायफॉइडची पहिली लस त्याच काळात इंग्लंडमध्ये आल्मरोथ राइट यांनी बनवली. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात राइट यांचा लसविभाग होता. त्याच विभागात काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडले.

पेनिसिलिन बाजारात आल्यावर लशींमधला रस ओसरू लागला. न्यूमोनियाला कारण ठरणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूवर १९४०च्या दशकात अमेरिकेत लस तयार झाली होती आणि ती उपयोगी असल्याचेही सिद्ध झाले होते. पण इंजेक्शनने रोग बरा होतो तर तो टाळायचा कशाला, असा विचार डॉक्टरांनी केला आणि मागणी नाही म्हणून ती लस बाजारातून काढून घेतली गेली. न्यूमोकोकसची पुढची लस येण्यासाठी १९७७ साल उजाडावे लागले. खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता, की पेनिसिलिन कमी मात्रेत घेतले गेले तर जिवाणू त्याला सरावतील. तो इशाराही त्या उत्साहात विरून गेला.

नव्या प्रतिजैविकांच्या भरवशावर राहण्याचे दिवस आता गेले आहेत. नवे औषध आले तरी ते शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवावे लागते, त्यामुळे ते फारसे खपत नाही आणि कंपनीचा खर्च भरून निघत नाही. अमेरिकेतील अकाओजेन या कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. लशीचे गणित उलटे असते. ती जपून नव्हे, तर जितकी जास्त जणांना द्यावी तितकी उपयोगी पडते.

नवी मुंबईचा धडा

ही लस सार्वजनिक आरोग्य यंत्रणेमार्फत देण्याचा जगातला पहिला प्रयोग नवी मुंबईत झाला. मोरबेसारखे स्वतःचे धरण आणि आखीव रचना असलेल्या या शहरातही टायफॉइड होताच. जुलै-ऑगस्ट २०१८ मध्ये महापालिकेने आपल्या २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी ११ केंद्रांच्या हद्दीत नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी मोहीम घेतली. १ लाख १३ हजार ४२० मुलांना लस टोचली गेली. पात्र मुलांपैकी हे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते. लशीच्या सुरक्षिततेबद्दल चिंता वाटावी असे काही आढळले नाही. उरलेल्या ११ केंद्रांच्या हद्दीतील मुलांना लस नंतर मिळायची होती, त्यामुळे दोन्ही भागांतील टायफॉइडची तुलना करणे शक्य झाले. ब्लड कल्चरने सिद्ध झालेला टायफॉइड लस दिलेल्या वस्त्यांतील मुलांमध्ये निम्म्याहूनही कमी झाला.

नेपाळ, मलावी आणि बांगलादेशातील मोठ्या चाचण्यांत लस घेतलेल्या मुलांना मिळालेले संरक्षण ८० ते ८५ टक्क्यांच्या घरात होते. नवी मुंबईचा आकडा त्याहून कमी दिसतो, कारण तो लस न घेतलेल्या मुलांसह संपूर्ण वस्तीचा आहे. दर दहांतली तीन मुले मोहिमेतून सुटली होती. लस किती चांगली आहे आणि ती किती मुलांपर्यंत पोहोचते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. ते आशा सेविका, परिचारिका आणि शाळांच्या सहकार्यावर ठरते.

टायफॉइड नेमका कुठे आहे, याचीही माहिती आता उपलब्ध आहे. भारतातील मुलांमध्ये केलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर या शहरी ठिकाणी दर लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते १,१७३ टायफॉइडचे रुग्ण आढळले. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण भागात हाच आकडा अवघा ३५ होता. दाट वस्ती, जलवाहिनीला खेटून जाणारी सांडपाण्याची गटारे आणि काही तासांपुरताच येणारा नळ, हे टायफॉइडला पोषक असते. लस आधी कोणाला द्यायची याचा विचार करताना ही तफावत मोलाची ठरते.

न गिळलेल्या गोळ्यांचा हिशेब

लशीचा फायदा मोजताना नेहमी टळलेले रुग्ण आणि वाचलेले जीव मोजले जातात. प्रतिरोधाच्या दृष्टीने तिसरी गोष्टही मोजायला हवी: न घ्याव्या लागलेल्या प्रतिजैविकांची. कारण गोळी ज्या जिवाणूसाठी घेतली, केवळ त्यालाच ती लागत नाही. आतड्यात, घशात, त्वचेवर राहणाऱ्या इतर असंख्य जिवाणूंवरही तिचा मारा होतो. टायफॉइडसाठी दिलेल्या औषधाने त्याच मुलाच्या आतड्यातले ई. कोलाय किंवा क्लेबसिएला निर्ढावतात. काही वर्षांनी त्याच व्यक्तीला मूत्रमार्गाचा संसर्ग होतो किंवा तिची शस्त्रक्रिया होते, तेव्हा या निर्ढावलेल्या जिवाणूंशी गाठ पडते. प्रत्येक टळलेला ताप हा असा साखळी परिणाम सुरुवातीलाच तोडतो. त्याचा लाभ लस न घेतलेल्या शेजाऱ्यालाही होतो.

२०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत न्यूमोकोकसच्या लशीमुळे पाच वर्षांखालील मुलांमधील प्रतिजैविक द्यावे लागणारी सुमारे २ कोटी ३८ लाख आजारपणे दरवर्षी टळत होती. रोटाव्हायरसच्या लशीमुळे आणखी १ कोटी ३६ लाख टळत होती. रोटाव्हायरस हा विषाणू आहे. त्याच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. तरीही जुलाबाच्या मुलाला ती दिली जातात, म्हणून ती लसही प्रतिजैविके वाचवते.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये या विषयावर सविस्तर अहवाल काढला. उपलब्ध आणि भविष्यात येऊ शकणाऱ्या लशी एकत्र धरल्या, तर जगातील प्रतिजैविकांचा वापर २२ टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला २५० कोटी दैनिक मात्रांनी कमी होऊ शकतो, असे त्यात म्हटले आहे. टायफॉइडची लस गरजेच्या देशांत झपाट्याने आणली, तर एकट्या तिच्यामुळे साडेचार कोटी मात्रा वाचतील. न्यूमोकोकस, हिब आणि टायफॉइड या आज हाताशी असलेल्या तीन लशी प्रतिरोधाशी संबंधित १ लाख ६ हजारांपर्यंत मृत्यू दरवर्षी टाळू शकतात. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे ४९.५ लाख मृत्यूंमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा संबंध होता आणि त्यांपैकी १२.७ लाख मृत्यू थेट त्यांच्यामुळे झाले, हे लक्षात घेतले तर या आकड्यांचे वजन कळते.

भारताने या वाटेवर काही महत्त्वाची पावले टाकली आहेत. हिबचा समावेश असलेली पंचगुणी लस २०११ च्या अखेरीस केरळ आणि तमिळनाडूत सुरू होऊन पुढे देशभर पोहोचली. न्यूमोकोकसची लस २०१७ मध्ये काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभरातील नियमित लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोकोकसची लस त्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वमान्यतेस पात्र ठरली होती. दहा-बारा वर्षांपूर्वी खासगी दवाखान्यात काही हजार रुपये मोजून घ्यावी लागणारी लस आज प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

लशीच्या मर्यादा

याचा अर्थ लस हा रामबाण उपाय आहे असा नाही. अमेरिकेत न्यूमोकोकसची सात प्रकारांवरची लस २००० मध्ये आली आणि दोन वर्षांखालील मुलांमधील पेनिसिलिनला दाद न देणारे गंभीर संसर्ग १९९९ ते २००४ या काळात ८१ टक्क्यांनी घटले. पण लशीत नसलेला ‘१९ए’ हा प्रकार रिकामी जागा पाहून पुढे सरसावला आणि तोही औषधांना न जुमानणारा होता. त्याचा समावेश असलेली तेरा प्रकारांवरची लस २०१० मध्ये आणावी लागली. लस दिली आणि काम संपले असे होत नाही. प्रयोगशाळांना जिवाणूंवर सतत नजर ठेवावी लागते.

टायफॉइडच्या बाबतीतही हेच आहे. त्याचा भाऊबंद असलेल्या पॅराटायफॉइडवर ही लस चालत नाही. दोन्हींवर चालेल अशा एकत्र लशींच्या चाचण्या सुरू आहेत. लशीचे संरक्षण किती वर्षे टिकते आणि दुसरा डोस केव्हा लागेल, याचा अभ्यासही चालू आहे. मलावीत चार वर्षांनंतरही संरक्षण ७८ टक्क्यांच्या आसपास टिकून होते, ही दिलासा देणारी बाब आहे. मुख्य म्हणजे लस पाणी शुद्ध करत नाही. सिंधच्या हैदराबादमध्ये रुग्ण सांडपाण्याच्या वाहिन्यांच्या आसपास दाटलेले आढळले होते. कॉलरा, कावीळ आणि जुलाब यांचा मार्गही तोच आहे. युरोप-अमेरिकेतून टायफॉइड हद्दपार झाला तो प्रामुख्याने शुद्ध पाणी आणि बंदिस्त गटारांमुळे. आपल्या शहरांतल्या जुन्या जलवाहिन्या बदलायला मात्र दशके लागणार आहेत. तोवरच्या काळात आज जन्मलेल्या मुलांचे रक्षण कसे करायचे, हा प्रश्न लस सोडवते. लस आली म्हणून गटारांचे काम लांबणीवर टाकणे ही फसवणूक ठरेल. गटारे होतील म्हणून लस लांबवणेही तितकेच चुकीचे.

काही जिवाणूंनी लससंशोधकांना आजवर चकवा दिला आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवरच्या दोन मोठ्या लशी अखेरच्या टप्प्यांवर अपयशी ठरल्या. गंभीर ई. कोलाय संसर्गावरच्या लशीची मोठी चाचणी २०२५ च्या सुरुवातीला परिणाम दिसत नसल्याने थांबवावी लागली. तरीही दोन ठिकाणी मोठी आशा आहे. पहिले क्षयरोगाचे. बीसीजी लस लहान बाळांना गंभीर क्षयापासून वाचवते. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर तिचा उपयोग कमी. ‘एम७२’ या नव्या लशीची सुमारे वीस हजार जणांवरची अंतिम टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. प्रभावी क्षयलस मिळाली तर वर्षाला १२० ते १९० कोटी मात्रा वाचतील असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. वाचू शकणाऱ्या एकूण प्रतिजैविकांत सर्वांत मोठा वाटा हाच आहे.

दुसरे ठिकाण नवजात बाळांचे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, नवजात अर्भकांच्या रक्तात सापडलेल्या क्लेबसिएला जिवाणूंपैकी ५४ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते. जन्मल्यावर काही तासांत किंवा दिवसांत होणारा हा जंतुसंसर्ग बाळाला लस देऊन टाळता येत नाही, तेवढा वेळच नसतो. मात्र गरोदर मातेला लस दिली तर तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. हा मार्ग भारताला परिचित आहे. गरोदरपणातल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनाने आणि सुरक्षित प्रसूतीने नवजात धनुर्वात आरोग्य समस्या म्हणून संपल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले. क्लेबसिएलाची अशी लस तयार झाली, तर जगभरात वर्षाला सुमारे ८० हजार नवजात मृत्यू टळू शकतील असा एका अभ्यासाचा अंदाज आहे.

निर्णय कुठे अडला आहे?

ही भविष्यातली लस आहे. टायफॉइडची लस आज उपलब्ध आहे. लसीकरणावर केंद्र सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने २०२२ मध्येच तिच्या समावेशाची शिफारस केली. नेपाळने त्याच वर्षी ती नियमित लसीकरणात आणली. भारतातील बहुतांश मुलांना मात्र त्या शिफारशीनंतरही ती खासगी बालरोगतज्ज्ञाकडे, एका डोसला हजार रुपयांहून अधिक मोजूनच मिळत आली आहे. ज्यांच्या घरी पाणी गाळण्याचे यंत्र आहे त्यांची मुले लस घेतात आणि सार्वजनिक नळावर रांग लावणाऱ्यांची मुले तिला मुकतात. लस आपल्याच देशात बनते, शेजारी देश तिने आपली मुले वाचवतात आणि आपण उरल्यासुरल्या प्रतिजैविकांची चिंता करत परिषदा घेतो, हा काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला.

अडचणी नाहीत असे नाही. सव्वादोन कोटींहून अधिक बाळे दरवर्षी जन्मणाऱ्या देशात एका नव्या लशीचा खर्च, शीतसाखळी आणि मनुष्यबळ उभे करणे सोपे नसते. पण ही एका डोसची लस आहे, ती गोवराच्या लशीसोबत नवव्या महिन्यात देता येते आणि त्यासाठी आईला वेगळी खेप घालावी लागत नाही. सगळीकडे एकाच वेळी आणणे जमत नसेल, तर जिथे रोग दाट आहे त्या महानगरांपासून सुरुवात करता येते. नवी मुंबईने हे महापालिकेच्या पातळीवर करून दाखवले. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या महापालिकांकडे आरोग्य केंद्रांचे जाळे आहेच.

यासोबत दोन गोष्टी हव्यात. तालुका आणि जिल्हा रुग्णालयांत ब्लड कल्चरची सोय वाढली पाहिजे. त्याशिवाय टायफॉइड किती आहे, कोणत्या औषधाला दाद देतो आणि लशीने किती घटला, यांपैकी काहीच कळणार नाही. आणि लस घेतलेल्या मुलाच्या प्रत्येक तापाला पुन्हा टायफॉइड समजून प्रतिजैविके देण्याची सवय डॉक्टरांना सोडावी लागेल. ताप कमी होऊनही चिठ्ठ्या तशाच राहिल्या, तर लशीने वाचवलेली औषधे पुन्हा वाया जातील.

सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सर्व देशांनी, प्रतिरोधाशी संबंधित मृत्यू २०३० पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट मान्य केले. त्यासाठी नवी औषधे लागतील, रुग्णालयांतली स्वच्छता लागेल, औषधविक्रीवर नियंत्रण लागेल आणि पशुपालनातला प्रतिजैविकांचा वापरही आवरावा लागेल. यांतली प्रत्येक गोष्ट वेळखाऊ आहे. नवव्या महिन्यात बाळाच्या मांडीवर द्यायचे एक इंजेक्शन त्यामानाने सोपे आहे. ते मिळालेले मूल आठ-दहा वर्षांचे होईल, तेव्हा पावसाळ्यात तापाच्या रांगेत उभे राहण्याची वेळ त्याच्यावर कमी वेळा येईल. आणि कधी काळी त्याला खरोखरच प्रतिजैविकाची गरज पडली, तर ते लागू पडण्याची शक्यताही अधिक असेल.